नखं त्याची, नखरे मालकाचे

ऐकलंत का? अमेरिकेत म्हणे लोक सरड्याच्या खिडकीसाठी रात्र रात्र जागतात. आणि सरडा म्हणजे कुंपणावर मान हलवणारा तो बापडा समजू नका. अर्जेंटिनाचा काळा-पांढरा टेगू, अंगापिंडाने चांगला चार फूट. किंवा आफ्रिकेतली सव्हाना मॉनिटर, आपल्या घोरपडीच्याच कुळातली. ज्यांचा हात आणखी सैल, त्यांच्याकडे सहा फुटांच्या वर जाणारी पाणघोरपड. एवढ्या मोठ्या पाहुण्याला किमान आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच खोली द्यावी, असं तिथले जाणकार बजावतात. मुंबईत एवढ्या जागेत कॉट टाकून दोघं संसार करतात, पण ते जाऊ द्या.

खोली सुताराकडून करून घेतली, की उरते दर्शनी बाजू. तिथे असं काय लावायचं, की आतलं सगळं दिसेल आणि नखांचा एक ओरखडा उठणार नाही? झालं! इथेच घरं फुटतात. तीन तट पडलेत आणि एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत म्हणे.

पहिला तट अ‍ॅक्रिलिकवाल्यांचा. खानदान उत्तम. ओटो रोम यांनी १९३३ साली जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवलं, तेव्हापासूनचा लौकिक. वजनाला हलकं: आठ बाय चारची सहा मिलिमीटरची काच ४५ किलोच्या घरात जाते, तर तेवढंच अ‍ॅक्रिलिक २१ किलोंत भागतं. ओरखडा पडलाच तर पॉलिश करून घालवता येतो. पण स्वभाव चंचल! उष्णतेने काचेच्या सात-आठपट फुगतं. वीस अंशांचा फरक पडला की आठ फुटांची शीट तीन मिलिमीटरहून जास्त वाढते. आत दिव्याची धग आणि दमट हवा, बाहेर एसीचा गारवा, की शीट पोट काढून बसते आणि सरकत्या दाराला फट पडते. फट दिसली की टेगूचं पहिलं नख तिथेच. सुटलेले टेगू काय प्रताप करतात ते फ्लोरिडाला विचारा. तिथे रानात शिरून त्यांनी अ‍ॅलिगेटरची अंडी खाल्ली हो! अखेर २०२१ मध्ये फ्लोरिडाने टेगू आणि हिरवा इग्वाना या दोघांनाही बंदीच्या यादीत टाकलं.

दुसरा तट पॉलिकार्बोनेटवाल्यांचा. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत दोन रसायनतज्ज्ञांनी हे द्रव्य वेगवेगळं शोधलं, तेव्हा श्रेयाचा वाद जन्मापासूनचाच. याच्यावर हातोडा घाला, तडकणार नाही. आणि हेच सांगत ही मंडळी मिरवतात. पण तडा वेगळा आणि ओरखडा वेगळा, हे सांगायची सोय नाही. पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग अ‍ॅक्रिलिकपेक्षाही मऊ. यशवंती घोरपड नखं रोवून कोंढाण्याच्या कड्याला चिकटली, ही कथा ऐकत वाढलेलं आपल्याकडचं पोरसुद्धा घोरपडीपुढे प्लास्टिक ठेवणार नाही. त्यावर त्यांचं उत्तर तयार असतं: कडक लेप दिलेली शीट घ्या! घ्या की. लेप काही मायक्रॉनचा, दाम दणदणीत, आणि एकदा तो कापला गेला की पॉलिशचीही सोय नाही.

तिसरे काचवाले. यांचा तोराच वेगळा. काच नखापेक्षा कठीण, हे तर उघड आहे. खनिजांच्या मोजपट्टीवर नख अडीचच्या आसपास आणि काच साडेपाच. पण यांच्यातले निम्मे छातीठोक सांगतात, की टफन ग्लास लावली की ओरखड्याची चिंता मिटली. साफ खोटं! टफन केल्याने काच मार सोसते, साध्या काचेच्या चौपट सोसते, आणि फुटली तर सुऱ्यांऐवजी बारीक खडे होतात. पण पृष्ठभाग होता तेवढाच कठीण राहतो. शिवाय टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप आधीच पक्कं द्यावं लागतं. आता आतली बातमी ऐका. यांतले कित्येक हुशार गडी नवी काच घेतच नाहीत. कुणी न्हाणीघर पाडलं, की शॉवरचं दार उचलून आणतात! अमेरिकेतल्या कायद्याने १९७७ पासून शॉवरच्या आणि अंगणात उघडणाऱ्या सरकत्या दारांना सुरक्षित काचच लावावी लागते, म्हणून हा डोळा. म्हणजे काल जिथे कुणी साबण लावत होतं, तिथे आज टेगू ऊन खातोय. शिव शिव!

आणि खरा गुन्हेगार कोण माहितीय? नख नव्हे, नखाला चिकटलेली वाळू. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणात सातवर, म्हणजे ती काचेलाही सोडत नाही. दुसरा गुन्हेगार तर घरातच निघाला. धूळ बसलेल्या शीटवर कोरडा कागदी टॉवेल गरगर फिरवणारा मालक! तीच वाळू त्याने स्वतःच्या हाताने घासली. वर अमोनियावालं काच पुसायचं पाणी प्लास्टिकवर फवारलं, की हळूहळू बारीक तडे उमटतात. नाव मात्र सरड्याचं! आधी पाण्याने वाळू वाहू द्यावी, मग मऊ फडक्याने हलके टिपावं, एवढं कोणी सांगितलं नाही का?

त्याहून मोठी भानगड मात्र सगळे पदराआड ठेवतात. सरडा काचेला नखं लावतोच का? कारण पारदर्शक भिंत त्याला भिंत वाटत नाही. जागा अपुरी, लपायला बीळ नाही, दिव्याची ऊब चुकीची, किंवा काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतंय, की तो तासन्‌तास समोर पंजे मारत राहतो. नाकाचं सालटं निघेपर्यंत! सव्हाना मॉनिटरला तर खणायला फूट-दोन फूट खोल माती हवी. तेवढी माती भरायची तर दर्शनी बाजूचा खालचा भाग भक्कम, अपारदर्शक करावाच लागतो. केला की पंजे मारायची मुख्य जागाच मिटते, वरची काच निम्म्यापर्यंत लहान होते आणि वजनही तेवढंच घटतं. म्हणजे ज्या वादात तीन तट पडले, तो चार फळ्या आणि मातीच्या काही पोत्यांनी अर्धा निकालात निघतो.

आणखी एक गैरसमज: खिडकी उन्हाकडे केली की दिवा नको. सरड्याला लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते, नेहमीचं अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटही अडवतं; आत येते ती फक्त धग. दिवा आतच लागतो.

हे वाचून पुण्या-मुंबईतल्या कुणाला हुरूप आला असेल, तर कानात सांगते: घोरपडीकडे बघूही नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती, थेट तुरुंग. इग्वाना असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा, मग काचेचं बघा. काच टफनच घ्या, पण मातीच्या वर सुरू होणारी.

एवढं करूनही कुणी विचारलं, की आठ फुटांची आरपार खिडकी का नको, तर सरळ सांगा: सरड्याने ती मागितलीच नव्हती. दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस आपली, आणि ती चाळीच्या गॅलरीत फुकट भागत होती.