ब्रदरांचा परदेश

ब्रदर आमच्या शाळेत पहिल्यांदा उतरले तेव्हा त्यांच्याजवळ तीन वस्तू होत्या. केळ्यांची पाटी, लोकरीच्या टोप्यांचं गाठोडं आणि गळ्यात अडकवलेला, बॅटरीवर चालणारा भोंगा. आमची शाळा कर्णबधिर मुलांची. भोंगा पाहून स्वयंपाकाच्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ह्यांनी फाटकावरची पाटी वाचली न्हाई का?"

पाटी वाचली होती. पण आवाज पुरेसा मोठा असला की थोडा तरी आत झिरपतोच, असं ब्रदरांचं मत होतं.

आमच्या उमरगा-लोहारा पट्ट्याला सेवाभावी माणसांचं नवल नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमच्या लोकांनी देशोदेशीचे मदत करणारे पाहिले. कोण राहायला आलाय आणि कोण मिरवायला, हे इथलं शेंबडं पोरही ओळखतं. शाळेत तर वाढदिवसवाले येतात, केक कापतात, पोरांना उन्हाकडे तोंड करून उभं करतात, फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेआधी गाडीत बसतात. ब्रदर त्यांतले नव्हते. फोटोला त्यांना सवडच नसे, कारण ते बोलत असत.

सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीतले हे गृहस्थ विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे ब्रदरच म्हणत, त्यांचे पाळकसाहेबसुद्धा. ओळखीतला कुणी तरुण परदेशात कर्णबधिर मुलांबरोबर पंधरा दिवस सेवा करून आला होता, आणि त्यानं तिथलं सांगितल्यापासून ब्रदरांची झोप उडाली होती. त्यांनी पासपोर्ट काढला. पासपोर्ट आला, बोलावणं मात्र कुठूनच आलं नाही. मग त्यांनी नकाशा उघडला आणि बोट सोलापूरवरून पूर्वेला सरकवत नळदुर्ग ओलांडून आमच्या शाळेवर आणून ठेवलं.

"सर, परदेश म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं. हा प्रश्न ते उत्तर देण्यासाठी विचारत. "माझ्या आजोबांच्या वेळी सोलापूर इंग्रजांचं आणि नळदुर्ग निजामाचं. इकडचा रुपया वेगळा, तिकडचा हाली सिक्का वेगळा. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत हा परदेशच होता! फार तर मी थोडा उशिरा आलो."

शेजारच्या जिल्ह्यात येऊन परदेशी सेवेचं पुण्य मिळवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मुक्काम आठ दिवसांचा होता. पालकांची संमतिपत्रं घेतली होती, आणि धर्म शिकवायचा नाही ही मुख्याध्यापकांची अट होती. गोष्टी सांगायला हरकत नव्हती. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सांगणारे कीर्तनकारही आमच्याकडे येऊन जातात, मग मार्कच्या शुभवर्तमानातली एखादी का नको?

ब्रदरांनी तयारी मात्र कसून केली होती. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा शब्दकोश त्यांनी मोबाईलवर शोधून काढला. 2018 साली त्यात 3,000 शब्द होते, 2021 पर्यंत 10,000 झाले. विम्याचा माणूस. त्यांनी रोज दहा शब्दांचा हप्ता बांधला आणि पावणेतीन वर्षांत पॉलिसी पिकेल असा हिशेब मांडला. घोटाळा एवढाच, की ते इंग्रजी आद्याक्षरांच्या ओळीनं निघाले. त्यामुळे त्यांना अकाउंटंट येई, अ‍ॅक्सिडेंट येई, अ‍ॅम्ब्युलन्स तर फार सुरेख येई. पाणी येत नसे. वॉटर शेवटाला येतं ना! दहावीतल्या पोरांना ते दिवसभर काहीतरी सांगत, आणि पोरं मला येऊन विचारत, "अपघात कुठं झाला?"

येशूची खूण त्यांनी ओळ मोडून आधी शिकून घेतली होती. मधलं बोट दुसऱ्या तळव्यावर टेकवायचं, मग हात बदलून पुन्हा तेच. खिळ्यांच्या खुणा. साधी, पाहताक्षणी कळणारी खूण. पण ब्रदर घाईत चुकीचं बोट काढत, तळव्याऐवजी दंडावर टेकवत, आणि वर चेहरा करुण करत. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग पळून गेला. पोरांना वाटलं, सुया टोचायला आलेत.

त्यांना हसण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. मी शिकलो तेव्हा आम्हाला खुणा करू देऊ नका असंच बजावलं होतं. पोरांनी ओठ वाचावेत, घशातून आवाज काढावा, हात मांडीवर ठेवावेत. 1880 साली मिलानमध्ये ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी तसा ठराव केला होता, आणि त्याची झळ आमच्या फळ्यापर्यंत पोचली. मुंबईत कर्णबधिरांची शाळा त्याच दशकात एका कॅथलिक बिशपांनी, लिओ म्युरिन यांनी, काढली. म्हणजे मिशनवाले या कामात आमच्या खूप आधीपासून आहेत. मला खुणा शिकवल्या त्या वसतिगृहातल्या पोरांनी, रात्री. वीज गेली की त्यांच्या गप्पा बंद पडतात, म्हणून उशीखाली बॅटरी असते. एकानं उजेड धरायचा, दुसऱ्यानं हातांनी बोलायचं.

ब्रदरांना ही बॅटरी दुसऱ्या रात्री सापडली. पोरं अंधाराला घाबरतात असं समजून त्यांनी उजेडात तोंड घालून अर्धा तास धीर दिला. मावशी बाहेर अंथरुणावर उठून बसल्या. "ह्यो माणूस झोपंत बी बोलत असंल."

तिसऱ्या दिवशी मार्कच्या सातव्या अध्यायातली बहिऱ्या माणसाची गोष्ट झाली. ब्रदर भोंग्यातून बोलत होते, मी खुणा करत होतो. येशू त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो. दहावीतल्या एका मुलीचा हात वर गेला. "बाजूला नेऊन त्यानं सगळं हातानं सांगितलं. म्हणजे त्याला खुणा येत होत्या. मग तुम्हाला का येत नाहीत?"

मी प्रश्न जसाच्या तसा मराठीत सांगितला. पुढचा पाऊण मिनिट भोंग्यातून फक्त खरखर ऐकू येत होती. आठ दिवसांतला तो विक्रम.

त्याच संध्याकाळी बारसं झालं. खुणांच्या जगात कागदावरचं नाव चालत नाही. पोरं माणसाला चार दिवस निरखतात आणि मग एखादी खूण बहाल करतात: गालावरचा तीळ, चालण्याची ढब, मिशीचा पीळ. माझं नाव मनगटावर दोन टिचक्या. सारखा घड्याळ बघतो म्हणून. ब्रदरांना मिळालं ते असं: हात तोंडापाशी, चार बोटं आणि अंगठा बदकाच्या चोचीसारखे, उघड-मीट, उघड-मीट.

ब्रदरांनी अर्थ विचारला. "बोलणारा," मी म्हणालो. खोटं नव्हतंच.

त्यांचे डोळे भरून आले. "वचन सांगणारा!" ते म्हणाले, आणि पाळकसाहेबांना फोन लावला. तेव्हापासून ते जो भेटेल त्याला चोच करून स्वतःची ओळख करून देऊ लागले. चहाच्या टपरीवरही. टपरीवाला त्यांना बघून रेडिओचा आवाज कमी करायचा.

सातव्या दिवशी नळदुर्गच्या किल्ल्याची सहल. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, जगभर कर्णबधिरांचा म्हणून पाळतात तो. त्या वर्षी बोरी नदी भरून वाहत होती. तिच्यावर इब्राहिम आदिलशहाच्या काळातला बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल, आणि बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे एकाच वेळी कोसळत होते. महालाच्या सज्जात उभं राहिलं की डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा, अंगावर फक्त तुषार. आणि आवाज असा, की शेजारच्याच्या कानाला तोंड लावलं तरी ऐकू जात नाही.

म्हणजे तिथं पोचल्याबरोबर सगळे बहिरे झालो. मी, मावशी, सोलापूरहून आलेली मंडळीच्या तरुण संघाची चार पोरं, गर्दीतले पर्यटक. सगळे एकमेकांना "काय? काय?" करत होते. आमची पोरं मात्र मजेत. निम्मी सज्जात, निम्मी पलीकडच्या तटावर, आणि मधून नदी. त्या अंतरावरून त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या: कुणाचा डबा कुणी खाल्ला, हत्ती तोप मोठी की मगर तोप, उपळ्या बुरुजावर कोण आधी पोचलं. एका पर्यटक बाईंनी माझ्या वहीत लिहून विचारलं, "माझे मिस्टर त्या बाजूला आहेत, पोरांना निरोप सांगता येईल का?" सांगता आला. मिस्टरांना गाडीची किल्ली कुणापाशी आहे ते कळलं.

ब्रदर मात्र बोलत होते. भोंगा तोंडाला लावून, मानेच्या शिरा ताणून. तासभर. नर बोलत होता, मादी बोलत होती, ब्रदर बोलत होते. मग भोंग्यात पाणी गेलं, आणि थोड्या वेळानं त्यांचा घसाही गेला.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं. आत काही नव्हतं. त्यांनी दहावीतल्या त्या मुलीला गाठलं, जरा विचार केला, आणि अंगठा ओठांशी नेला. पाणी. शब्दकोशाच्या शेवटच्या पानावरचा शब्द त्यांनी एका झेपेत गाठला होता. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांची खूण कामाची निघाली.

मुलीनं गंभीरपणे नर-मादीकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या: एवढं पुरेल?

सगळ्या पोरांचे हात वर जाऊन झुलू लागले. टाळ्या. ब्रदर आवाजाविना हसले, पोट धरून, आणि तिनं मग आपली बाटली त्यांच्या हातात दिली.

परतताना गाडीत दाट अंधार होता आणि विलक्षण शांतता. जळकोट मागं पडलं तरी ब्रदर गप्प. मावशींनी काळजीनं दोनदा मागं वळून पाहिलं. येणेगूर सोडलं आणि मागून घोगरा आवाज आला, "सर, बघितलंत ना, कसं सांभाळलं मी पोरांना?"

मी आरशात पाहिलं. शेवटच्या सीटवर बॅटरी लागली, आणि उजेडात एक चोच हळूच उघडली.