वैनगंगेकाठचा बिअरपंडित

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या गावात एक तरी बिअरपंडित असतोच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी पक्की, पोट नुकतंच पुढे आलेलं, मोबाइलमध्ये जगभरातल्या ब्रूअरींचे व्हिडिओ. ग्लास तिरका धरून तो बिअर ओततो, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस आणतो, ट्यूबलाइटसमोर रंग न्याहाळतो, नाक आत घालतो आणि डोळे मिटून ‘माल्ट येऊन राहिला भाऊ’ असा निर्वाळा देतो. तोवर समोरच्याने आपला ग्लास संपवून फुटाण्यांची दुसरी प्लेट मागवलेली असते. लोक पंडिताला ढोंगी म्हणतात, पण तो आरोप नीट बसत नाही. ढोंग्याला आपलं ढोंग ठाऊक असतं. याला खरोखरच काहीतरी चव लागते. माझं म्हणणं एवढंच की ती चव जवाची किंवा हॉप्सची नसते, बाटली किती लांबून आली त्या अंतराची असते. आणि अशी जीभ त्याला इथल्या दारूबंदीने दिली.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीत दारू मिळते की नाही हा वाद बाजूला ठेवू. जी मिळते ती कोणती, हे वजन ठरवतं. ८ टक्क्यांच्या कडक बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत मद्यार्क भरतो ५२ मिलिलिटर. व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या पव्व्यात ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने ७७. पव्वा खिशात मावतो; बिअरची पेटी मोटरसायकलवर खडखडते, फुटते आणि वर तिला फ्रिज लागतो. चोरून माल आणणाऱ्याला हे गणित शिकवावं लागत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या बंदीतही बिअर अशीच मागे पडली आणि कडक दारू पुढे सरकली. म्हणजे बंदीत पिणाऱ्याला पव्वा मिळाला, मोहाची मिळाली. बिअरवाल्याला मिळालं इंटरनेट. वर्धा नदी ओलांडून वणीला एक फेरी मारायची आणि पुढच्या फेरीपर्यंत वाचन करायचं, असा त्याचा अभ्यासक्रम ठरला.

यावर कुणी रागावून म्हणेल, बायांनी रक्त आटवून मिळवलेल्या गोष्टीची ही थट्टा आहे. तसं नाही. २०१० साली चिमूरहून हजारो बाया दारूबंदी मागायला पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या, त्या बिअरचा कडवटपणा मोजायला नव्हेत. घरात मजुरी पोचत नव्हती, मार पोचत होता. त्या दुःखापुढे ‘गार पिल्सनर मिळत नाही’ ही तक्रार इतकी किरकोळ, की चारचौघांत ती तोंडातून काढायचीही सोय नव्हती. म्हणून तर पंडिताने ती शास्त्राच्या भाषेत मांडायला घेतली.

त्याचं शास्त्र कच्चं नाही, हे कबूल करायला हवं. १८४२ मध्ये बोहेमियातल्या प्लझेन गावी योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने पहिली सोनेरी पिल्सनर काढली, तिथलं पाणी मऊ म्हणून हॉप्सचा कडवटपणा टोचत नाही, मागून भाजक्या पावासारखा गोडवा येतो, हे तो बरोबर सांगतो. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग जाणवते ती यीस्टची करामत, हेही बरोबर. घोळ होतो तो अंतर मध्ये आलं की. गिनेस काळी म्हणून तो तिला पैलवान समजतो; ती ४.२ टक्क्यांची, आपल्या कडक बिअरच्या जवळपास निम्मी. हिरव्या काचेतून उजेड आत जाऊन हॉप्स बिघडले की उग्र दर्प येतो. पंडित त्याला युरोपचा सुगंध म्हणतो. टुबोर्ग पिताना त्याला डेन्मार्कची हवा लागते. ती कार्ल्सबर्ग कंपनीची, आणि कार्ल्सबर्गचा एक कारखाना छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथल्या उद्योगांना पाणी जायकवाडीचं, म्हणजे गोदावरीचं, आणि तीच गोदावरी पुढे दारूबंदीच्या गडचिरोलीत सिरोंच्याजवळून वाहते. कृती तिकडची आहे ना, असा बचाव करता येईल. मान्य. पण मग लेबलावरचा बारीक मजकूर वाचल्यावर त्याचा चेहरा का पडतो?

खरी परीक्षा भामरागड-एटापल्लीच्या बाजूला होते. ब्रुसेल्सजवळ लॅम्बिक नावाची बिअर करतात. उकळलेला रस रात्रभर उघड्या, उथळ हौदात ठेवतात, हवेतलं जंगली यीस्ट त्यात आपोआप उतरतं, मग वर्ष-दोन वर्षं लाकडी पिंपात मुरवतात. चव आंबट, आणि वासाला जाणकार कौतुकाने ‘घोड्याच्या घोंगडीचा’ म्हणतात. हे वर्णन करताना पंडिताच्या डोळ्यांत पाणी येतं. इकडे भामरागडला माडिया आदिवासी गोरगा नावाच्या झाडाचा फुलोरा कापून तिथे भांडं बांधतात. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ऊन चढेल तसा जंगली यीस्टनेच फसफसतो आणि दुपारपर्यंत आंबट होतो. त्याचं नाव काढलं की पंडित नाक मुरडतो: ‘वास येते जी.’ गोरगा झाडाचा रस, लॅम्बिक धान्याची, तेव्हा दोन्ही एक नव्हेत हा आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. पण पंडित तो घेत नाही. त्याची हरकत वासालाच, आणि घोंगडी मात्र चालते, कारण ती बेल्जियमची.

चंद्रपुरातली दुकानं २०२१ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा हे सगळं ताडून बघायची सोय झाली. काचेच्या फ्रिजमध्ये बेल्जियन धाटणीची गव्हाची बिअर, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. शेजारी नेहमीची कडक. पंडित पहिल्या बाटलीची किंमत वाचतो, टक्का वाचतो, मनातल्या मनात भागाकार करतो आणि कडक घेतो. तीही इतकी गार, की जिभेला चवीचा पत्ता लागू नये. अर्थात चंद्रपूरच्या ४७ अंशांत यासाठी त्याला दोष देणं क्रूरपणा होईल. महागाईमुळे घेत नाही म्हणावं, तर बंदीच्या काळात कोमट बाटलीसाठी वणीची वारी करताना त्याने पेट्रोलचा हिशेब कधी धरला नव्हता. बाटली हाताशी आली आणि चंद्रपूरचा पंडित साधं गिऱ्हाईक झाला. गडचिरोलीचा मात्र अजून ऐन भरात आहे, आणि पार्टीत लॅम्बिकवरून वाद पेटला की चंद्रपूरवाले निकालासाठी त्यालाच फोन लावतात.