नागपूर, व्हाया घाटकोपर

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर, प्रवास दीड तासाचा. नागपूरच्या आमच्या मेहुण्यांना हा हिशोब तोंडपाठ आहे. "सकाळी निघा, दुपारच्या आत तर्रीपोहे खायला या," असं ते फोनवर बिनदिक्कत सांगतात. त्यांचं घर सोनेगावच्या विमानतळाजवळ. आमचं बदलापूर पूर्वेला, सीएसएमटीपासून रेल्वेने 68 किलोमीटर. दीड तासात आमच्याकडे माणूस फार तर घाटकोपरला उतरतो.

दहाचं विमान म्हणजे आठला विमानतळावर, म्हणजे साडेपाचला घराबाहेर. टॅक्सी सांगावी तर ड्रायव्हर आधीच हात वर करतो : "काटईला नाहीतर शिळफाट्याला अडकलो, तर माझ्यावर यायचं नाही हं साहेब." मग उरते लोकल. गाडी बदलापूरहून सुटणारी, पण खिडक्या अंबरनाथकरांच्या. ते उलटे डाऊन येऊन बसलेले असतात. चौथ्या सीटवर मी अर्धा टेकलो. बॅग मात्र कुठेच टेकेना. वरच्या रॅकवर भजनी मंडळाचे टाळ होते.

"काका, एवढं सामान घेऊन गर्दीच्या वेळेला कशाला चढता?"

"विमान पकडायचंय."

"मग विमानतळापर्यंत पण विमानानेच जायचं ना!"

डबा हसला. पण घाटकोपर आलं तेव्हा हाच गृहस्थ दारातल्यांवर ओरडत होता, "अरे सरका, काकांचं विमान आहे!" आणि बॅग माझ्याआधी फलाटावर उतरली होती. पुढे मेट्रोने मरोळ नाका, तिथे दुसरी मेट्रो, मग टर्मिनल. तिथे पट्टा काढा, पट्टा घाला. त्याबद्दल काही बोलत नाही.

खरी गंमत नकाशात आहे. मुंबई विमानतळ आणि नागपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढा. ती अंबरनाथच्या अंगावरून आणि बदलापूरला जवळजवळ खेटून जाते. विमानतळ ते बदलापूर सरळ अंतर जेमतेम 40 किलोमीटर. वारा पश्चिमेचा असला की विमान समुद्राकडे तोंड करून उडतं, मग वळून पूर्वेला येतं. म्हणजे जे अंतर कापायला माझी अख्खी सकाळ गेली, ते पायलट काही मिनिटांत उलटं कापतो. खाली कुठेतरी 1060 सालचं शिवमंदिर, उल्हासनगरचे कॅम्प, बारवी धरण आणि आमच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे. पैसे भरून, तपासणी करून घेऊन मी घराच्या डोक्यावर परत आलेला असतो. प्रवास इथून सुरू होतो. हवाई सुंदरी याच सुमारास पाणी विचारते.

बरं, आमच्याकडे धावपट्टी नव्हती असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेजारच्या नेवाळीला विमानांसाठी जमीन घेतली होती. म्हणून तिथे विमानतळ करा, असं मी म्हणणार नाही. ज्यांची जमीन गेली ते शेतकरी ती परत मागत जून 2017 मध्ये रस्त्यावर उतरले होते, आणि माझ्या तर्रीपोह्यांपेक्षा त्यांचं मागणं मोठं आहे. नवी मुंबईचं विमानतळ झालंय, पण बदलापूरहून तिथे जायलाही ट्रॅफिक चुकत नाही.

तेव्हा आमच्यासारख्यांनी कल्याणहून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस धरावी. रात्रभर झोपावं, सकाळी नागपुरात उतरावं. मेहुण्यांनी फक्त तर्री गरम ठेवावी.