धुक्यातला जाणकार

‘भीती वाटली का रे?’ एवढंच मी विचारलं होतं. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू भीमसेनांच्या मैफलीतून बाहेर पडणाऱ्याला मी ‘आवाज मोठा होता का?’ असं विचारलंय.

‘मामा, हा भीतीचा गेम नाहीये. अपराधभावाचा आहे.’

हे तो बोलला तेव्हा खोलीतले दोन्ही दिवे लावलेले होते, दार सताड उघडं होतं आणि संगणकाचा आवाज इतका बारीक होता, की स्वयंपाकघरातला कुकर त्याच्यावर सहज मात करत होता. ही सगळी व्यवस्था त्याच्या मते विश्लेषणासाठी होती.

भाच्याचं नाव सांगत नाही. एक तर तो रागावेल, आणि दुसरं म्हणजे नावाची गरजच नाही. हा नमुना आता डोंबिवलीपासून डेट्रॉइटपर्यंत सगळीकडे मिळतो. आपण त्याला जाणकार म्हणू. जाणकाराला घाबरवणारे खेळ आवडतात, पण तो कधीही घाबरत नाही. तो ‘अस्वस्थ’ होतो. दचकून खुर्चीतून अर्धा फूट वर उडाला, तरी खाली येईपर्यंत त्या उडण्यामागचं प्रतीक त्याला सापडलेलं असतं.

त्याचं आराध्यदैवत म्हणजे ‘सायलेंट हिल २’. कोनामी या जपानी कंपनीने २००१ साली प्लेस्टेशन २ साठी काढलेला गेम. जेम्स संडरलँड नावाच्या गृहस्थाला बायकोचं पत्र येतं, की आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट पाहतेय. बायको तीन वर्षांपूर्वी वारलेली. तरीही हा गडी गाडी काढून सायलेंट हिल नावाच्या त्या अमेरिकन गावी जातो. गाव धुक्याने भरलेलं आणि ओसाड. खिशातला रेडिओ खरखरायला लागला की समजायचं, जवळपास काहीतरी आहे. ते काहीतरी कधी हात नसल्यासारखं लटपटत येतं, तर कधी डोक्याच्या जागी भलामोठा लोखंडी त्रिकोण घेऊन, माणसाएवढी सुरी फरशीवरून फरफटत येतं. या दुसऱ्या इसमाला पिरॅमिड हेड म्हणतात. बायकोचं नेमकं काय झालं होतं हे शेवटी कळतं. ते मी इथे लिहिणार नाही. गुपित चांगलं वीस वर्षांहून जुनं आहे, पण ते फोडणाऱ्याशी जाणकार बोलणं टाकतो. स्वतः मात्र पाहुण्यांचा चहा येईपर्यंत तो ते सांगून मोकळा झालेला असतो.

जाणकाराचा जन्म १९९९ चा, म्हणजे पहिला ‘सायलेंट हिल’ आला त्याच वर्षीचा. दुसरा आला तेव्हा हा दोन वर्षांचा होता आणि घरातल्या मिक्सरला घाबरायचा. याचा मी साक्षीदार आहे. तरी तो त्या काळाबद्दल असं बोलतो, की जणू ऐन तारुण्य त्या धुक्यात गेलं. ‘तेव्हाचे गेम्स वेगळेच होते, मामा,’ असं म्हणून तो सुस्कारा सोडतो. माझ्या वडिलांनी असा सुस्कारा बालगंधर्वांसाठी सोडला असता तर शोभला असता. पण खरं सांगायचं तर त्यांनीही बालगंधर्व तबकडीवरच ऐकले होते.

त्या वेळच्या समीक्षकांनी गेमची तारीफच केली होती. गोष्ट, वातावरण आणि आकिरा यामाओकांचं संगीत यांवर ते खूश होते. कुरकुर होती ती मारामारी अवघडलेली आहे, कॅमेरा नको तिथे जाऊन बसतो आणि पात्रं विचित्र बोलतात, याबद्दल. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर परीक्षणांची सरासरी १०० पैकी ८९ निघाली. उरलेले ११ गुण कोणी कापले, याचा जाणकार आजही शोध घेतोय.

कारण त्याच्या मते या गेममध्ये दोष असा नाहीच. जे आहे ते मुद्दाम आहे. जेम्स लाकडी फळी अशी फिरवतो, की पहिल्यांदाच गादी झटकायला बाल्कनीत आलाय. ते मुद्दाम, कारण तो साधा माणूस आहे, शिपाई नाही. पात्रं झोपेतून उठवल्यासारखी बोलतात. ती स्वप्नाची भाषा. सुरुवातीला जंगलातल्या वाटेने मिनिटामागून मिनिटं नुसतं चालावं लागतं, काही घडत नाही. ते न घडणं हेच घडणं. यातलं निम्मं खरंही असेल. पण ही पद्धत मी एकदा ताईच्या, म्हणजे जाणकाराच्या आईच्या, बिनमिठाच्या पोह्यांवर वापरून पाहिली. ‘ताई, ही पोकळी हेतुपुरस्सर आहे ना?’ ताईने बशी उचलून नेली. समीक्षेची ही शाखा स्वयंपाकघरात चालत नाही.

धुक्याचंही तेच. जाणकाराच्या मते धुकं म्हणजे नेणीव. मी कुठेतरी वाचलं होतं, की मूळ कारण फार घरगुती आहे: पहिल्या गेमच्या वेळी प्लेस्टेशनला लांबवरचं गाव एकदम रेखाटायला झेपत नव्हतं, म्हणून लांबचं सगळं धुक्यात झाकलं. पाहुणे आले की आपण पसारा चादरीखाली लोटतो, तसं. पुढे तीच चादर लोकांना इतकी आवडली, की ताकद वाढली तरी काढली नाही. हे सांगितल्यावर जाणकार म्हणाला, ‘म्हणजे यंत्रालाही नेणीव असते.’ या उत्तरावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

पिरॅमिड हेडवर तर त्याचा तासाभराचा मजकूर तयार आहे. तो राक्षस नाही. जेम्सला शिक्षा हवी आहे, म्हणून तो आहे. आता हा त्रिकोणी गृहस्थ ज्यांनी काढला ते मासाहिरो इतो त्याच्या अफाट लोकप्रियतेला कंटाळून, हा काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं एकदा जाहीरपणे म्हणून बसले होते. दुसरा कोणी असता तर विरमला असता. जाणकाराने इतोंनाही समजून घेतलं. ‘कलावंताला स्वतःच्या कलेचं ओझं होतं,’ असं तो म्हणाला, आणि मजकूर पाच मिनिटांनी वाढवला.

मग २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की हा गेम नव्याने बनतोय आणि पोलंडमधल्या क्राकोची ब्लूबर टीम तो बनवणार. घरात सुतक पडलं. जाणकाराचं दुःख अगदीच निराधार नव्हतं. २०१२ मध्ये जुन्या गेमची चकचकीत आवृत्ती काढली होती, तेव्हा अपुऱ्या, कच्च्या कोडवरून काम करावं लागलं. धुकं विटलं, आणि एका पाटीवरची अक्षरं चक्क कॉमिक सॅन्समध्ये आली. भुताच्या गावात पोहोचावं आणि वेशीवर बालवाडीच्या स्नेहसंमेलनाची पाटी दिसावी, तसला प्रकार. त्या पाटीची जखम जाणकार अजून बाळगून आहे. पुढे २०२४ च्या सुरुवातीला मारामारीची झलक आली आणि जगभरच्या जाणकारांनी तिची साल काढली. आमच्याकडच्याने तर दोन वेळचं जेवण याच विषयावर केलं.

८ ऑक्टोबर २०२४ ला गेम आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. सरासरी ८६ च्या घरात. सकाळी जाणकार म्हणत होता, ‘हे लोक विकले गेलेत.’ दुपारी म्हणाला, ‘काही मुद्दे बरोबर आहेत.’ दिवेलागणीला म्हणाला, ‘मी पहिल्यापासून म्हणत होतो.’ तक्रार एकच उरली. नव्या गेममध्ये मारामारी नीट जमते, त्यामुळे असहायता गेली. जे तेवीस वर्षांपूर्वी जमत नव्हतं म्हणून लोकांनी गुण कापले, ते आता जमतं म्हणून याने कापले.

दुसऱ्या दिवशी त्याने मला रात्री मुक्कामाला बोलावलं. ‘तुझ्यासारख्या कोऱ्या प्रेक्षकाची प्रतिक्रिया बघायचीय.’ खरं कारण मला रात्री अकराला कळलं, जेव्हा मी पाणी प्यायला उठलो आणि हा गेम थांबवून माझ्यामागून आला. नंतर ताईही निवडायची मेथी घेऊन येऊन बसली. म्हणजे जाणकाराच्या समोर पडद्यावर दोघं आणि आधाराला दोघं, असे आम्ही होतो; जेम्स, पिरॅमिड हेड, ताई आणि मी.

ताईने तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्यात. पत्राची हकिकत ऐकून तिने एकच विचारलं, ‘अक्षर तिचंच आहे का, ते त्याने बघितलं का?’

‘आई, तो मुद्दा नाहीये.’

नंतर मला कळलं, की मूळ गेममध्ये ते पत्र जवळ ठेवलेलंच असतं, आणि गोष्ट पुढे सरकते तसा त्यावरचा मजकूर पुसट होत जातो. शेवटी कागद कोरा. जाणकाराने इतक्या वेळा तो गेम उलगडून सांगितला, पण पत्र पुन्हा उघडून बघा, असं म्हणणारी आमच्याकडे एकटी ताई निघाली.

चार रात्रींनी शेवट आला. या गेमचे शेवट अनेक आहेत आणि कोणता मिळणार ते तुम्हाला विचारून ठरत नाही. तुम्ही खेळताना कसे वागता हे गेम गुपचूप टिपत असतो. जखम झाल्यावर लगेच औषध घेता, की तसेच हिंडता? वाटेत मिळालेला एक चाकू पुन्हापुन्हा काढून न्याहाळता का? वाटेत सोबत येणाऱ्या एका बाईच्या किती जवळ राहता? यावरून तो जेम्सच्या मनाचा अंदाज बांधतो. इतकी वर्षं लोक गेमचं परीक्षण करत होते आणि गेम बसल्या जागी त्यांचं करत होता.

जाणकाराचा जेम्स जगण्याला कंटाळलेला निघाला. गाडीसकट तळ्याच्या तळाशी.

‘असं कसं?’ जाणकार उभाच राहिला. मी त्याच्या हातातला कंट्रोलर घेतला आणि सामानाची यादी उघडली. औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या, न फोडलेल्या. जेम्स लंगडत, रक्त गाळत अख्खं गाव पालथं घालत होता, आणि हा बाटल्या साठवत होता.

‘अरे, मग दिल्या का नाहीस?’

‘पुढे लागल्या असत्या ना!’

ताईने मेथीवरून मान वर केली नाही. तिच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात हॉटेलांतून आणलेल्या टोमॅटो सॉसच्या पुड्या आहेत. काहींवरची तारीख वाचता येत नाही इतक्या जुन्या. त्याही पुढे लागणार आहेत.

‘निकषच चुकीचा आहे,’ जाणकार येरझारा घालत म्हणाला. ‘काटकसर आणि मृत्यूची ओढ यातला फरक यांना कळत नाही. हा सांस्कृतिक पूर्वग्रह आहे.’ त्या रात्री पहिल्यांदाच या गेममध्ये त्याला एक दोष सापडला, जो मुद्दाम केलेला नव्हता.

परवा गेलो तर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. आता जेम्सला नुसतं खरचटलं तरी तो बाटली पाजतो.

‘एवढी औषधं देऊ नकोस रे त्याला,’ ताई म्हणाली, ‘उष्ण पडतात.’

दिवे दोन्ही चालू होते. पॅसेजमधला तिसराही लावलेला दिसला.