थोटूकमुक्त सेक्टर: संयोजकांसाठी मार्गदर्शिका

नवी मुंबईत सिगारेटच्या थोटकांविरुद्ध लोकमोहीम काढायची, तर सर्वांत आधी फ्लेक्स छापून घ्यावा. माणसं, हातमोजे, पिशव्या नंतर जमतात. फ्लेक्सवर फ्लेमिंगो हवाच. त्याच्याखाली महापालिकेची ‘निश्चय केला, नंबर पहिला’ ही घोषणा आणि घोषणेच्या खाली भावी नगरसेवक, नमस्काराच्या मुद्रेत. 2023च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण देशात तिसरे आलो होतो, त्यामुळे भाषणात ‘उरलेल्या दोन पायऱ्या’ हा मुद्दा घेता येतो. थोटकाचं चित्र मात्र टाकू नये. देणगीदार नाराज होतात.

तारीख 31 मे धरावी. जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो, शिवाय पाऊस तोंडावर आलेला असतो. स्वयंसेवकांकडून जे राहून जातं ते जूनची पहिली सर उचलते आणि पावसाळी गटारातून, सिडकोने बांधलेल्या धारण तलावांतून थेट ठाणे खाडीत नेऊन सोडते. खाडीचा तो भाग 2015पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. पण तोवर बरेचसे फ्लेमिंगो कच्छच्या वाटेला लागलेले असतात, त्यामुळे बोधचिन्हाकडून तक्रार येत नाही.

जागेबाबत नवख्या संयोजकांची गल्लत होते. ते वाशीच्या सागर विहारला जातात, कारण सकाळी तिथे फोटोला उजेड छान असतो. थोटकं असतात महापे एमआयडीसीत आणि ऐरोलीच्या आयटी पार्कच्या फाटकाबाहेर, पेव्हर ब्लॉकच्या फटींत. वाकून, नखाने उकरून काढावी लागतात. अशा अवस्थेत फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

फाटकाबाहेरच का, हे कुणी विचारलंच तर कायदा सांगावा. सार्वजनिक जागी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008पासून बंदी आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. त्याच नियमांत आणखी एक कलम आहे: जिथे बंदी, तिथे मालकाने राखदाणीही ठेवायची नाही. तेव्हा गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण फाटक ओलांडून टपरीवर येतो. सप्टेंबर 2020पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायलाही बंदी आहे, म्हणजे टपरीवरही सुटी मिळत नाही. तिथे दोरीला टांगलेला लायटर बहुधा उदबत्तीसाठी असावा. टपरीवाल्याला थोटकांसाठी पत्र्याचा डबा देऊन पाहावा. तो हात जोडतो. “साहेब, डबा ठेवला तर पालिकेचे गाडीवाले विचारणार, डबा कशाला? उद्या टपरीच उचलतील.” त्याचं चुकत नाही. जे विकलंच जात नाही आणि जे कुणी ओढतच नाही, त्याच्या थोटकाला डबा हा पुरावाच. सरकारदरबारी थोटकाला जागाच नाही, म्हणून ते जागा मिळेल तिथे पडतं. भाषणात यातलं काही बोलू नये. पाहुणे बहुधा सरकारी असतात.

स्वयंसेवकांना थोडी शास्त्रीय माहिती द्यावी. फिल्टर कापसाचा दिसतो, पण असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लॅस्टिकच, आणि वर्षानुवर्षं टिकतो. 1 जुलै 2022पासून देशात ज्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सिगारेटच्या पाकिटाभोवतीचं पारदर्शक वेष्टन आहे. पाकिटातल्या दहा फिल्टरांचा उल्लेख नाही. वेष्टन काढून फेकणाऱ्याला दोष द्यावा आणि पुढे सरकावं.

तुर्भ्याच्या बाजारात बिडी ओढणारा माथाडी जे टाकतो ते तेंदूचं पान आणि सुताचा दोरा. दोन पावसांत त्याची माती होते. छातीला बिडी कमी नाही, पण गटाराला ती सोसवते. तरीही स्वयंसेवकांनी पहिल्यांदा त्यालाच टोकावं. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नसतं आणि तो उलटून इंग्रजीत बोलत नाही.

वेचून झालं की खरा पेच येतो: थोटकं कोणत्या डब्यात? 2016च्या नियमांनी आपल्याला ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण शिकवलं. थोटूक दवाने ओलं, मुळात सुकं आणि निकोटिनमुळे घातक. यावर फूटपाथवर उभं राहून वाद घालू नये. तीन सदस्यांची उपसमिती नेमावी. अहवाल येईपर्यंत पिशवी सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवायला द्यावी. त्याचं मत विचारायची गरज नाही, तो बिडीवाला आहे.