बॉडी काय, कुठलीही चालते

काकांना ‘कुठला कॅमेरा?’ असं विचारलं की पटकन उत्तर येतं, ‘लायका.’ मग खोटं बोलायची सवय नसल्यामुळे जरा वेळानं हळू आवाजात पुरवणी येते, ‘म्हणजे, लेन्स. बॉडी काय, कुठलीही चालते.’

ही कुठलीही चालणारी बॉडी बहुधा सोनीची असते आणि तिच्या नावावर काळी चिकटपट्टी असते. खरे लायकावाले आपल्या कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका झाकतात, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. हे सोनी झाकतात, लक्ष लेन्सकडे जावं म्हणून.

यामागचं गणित विचारावं लागत नाही, आपोआप सांगितलं जातं. १९५४ साली लायका एम३बरोबर जो माउंट आला, त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिलिमीटर. निकॉनच्या एसएलआरमध्ये वाटेत आरसा, म्हणून तिथं ४६.५. एवढ्या लांब बसवलेली लायकाची लेन्स दूरचं काही धड दाखवायची नाही. मिररलेस आले, आरसा गेला आणि सोनीत हे अंतर १८ वर आलं. उरलेल्या ९.८ मिलिमीटरसाठी धातूची एक कडी लावायची, ती अ‍ॅडॉप्टर. तिच्यात काच नाही, तार नाही, चिप नाही. बायकोनं एकदा ती उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. ‘अहो, आत काहीच नाही हो!’

‘तेच तर! काही असतं तर क्वालिटी गेली असती.’

खरी गंमत पुढं आहे. या कडीतून वीज जात नाही, त्यामुळे पलीकडे लेन्स आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही. मेनूत जाऊन ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ अशी परवानगी द्यावी लागते. सेकंडहँड असली तरी स्कूटरच्या किमतीची वस्तू समोर बसली आहे आणि कॅमेऱ्याच्या लेखी जागा मोकळी! फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव उमटत नाही, म्हणून बारशाच्या फोटोखाली हे स्वतःच्या हातानं आधी ‘समिक्रॉन’ लिहितात, मग बाळाचं नाव.

लेन्सचा थाट सगळा जावयाचा. कामाला हात लावायचा नाही. फोकस यजमानानं करायचा, अपर्चर किती ठेवलं ते यजमानानं लक्षात ठेवायचं. बाळ हसलं की हे रिंग फिरवू लागतात. स्क्रीनवर कडांना लाल रेघा चमकल्या की फोकस जमला. तोवर बाळाचं हसून, रडून, झोपून झालेलं असतं. झोपलेल्या बाळांचे इतके सुरेख फोटो दुसऱ्या कुणाकडे नसतील. शिवाय ही समिक्रॉन ७० सेंटिमीटरच्या आतलं पाहत नाही. मिसळीचा फोटो काढायला यांना खुर्ची मागं सारून उभं राहावं लागतं. वेटरला वाटतं निघाले, आणि तो बिल आणतो.

फोटोचे कोपरे धूसर आले, तर त्यालाही कारण आहे. सेन्सरपुढं जी काच असते ती सोनीत जाड, आणि या लेन्स फिल्मसाठी घडलेल्या. फिल्मपुढं काचच नव्हती. वाइड लेन्स असेल तर कडेची माणसं वितळल्यासारखी दिसतात. पुतण्याच्या किट लेन्सचे कोपरे असे आले की ते ‘प्लास्टिक’. यांचे आले की ‘कॅरेक्टर’. काकू गेली दोन लग्नं कॅरेक्टरमध्येच उभ्या आहेत.

लाइट गेले की मात्र यांच्या अंगात येतं. मेणबत्ती पेटायचा अवकाश, स्टॅनली कुब्रिक सुरू. ‘बॅरी लिंडन’, १९७५. झाइसनं नासासाठी केलेली ०.७ अपर्चरची लेन्स त्यानं मिचेल कॅमेऱ्यावर चढवली आणि मेणबत्तीच्या उजेडात प्रसंग चित्रित केले. ‘म्हणजे बघा, परक्या बॉडीवर लेन्स लावणारा मी पहिला नाही.’ ती बसवण्यासाठी कॅमेऱ्याची इतकी कापाकापी झाली की त्यावर पुन्हा दुसरी लेन्स लावायची सोय उरली नाही, हे सांगायच्या आत लाइट येतात.

चेष्टा पुरे. ती रिंग एकदा फिरवून बघावी. पितळेचं वजन हातात बसतं, कुठं अडकत नाही, कुठं सैल होत नाही, आणि फोकस जिथं थांबवावा तिथं थांबतो. कधीतरी, दहा प्रसंग निसटल्यावर, एखाद्या म्हाताऱ्या आत्याचा असा फोटो निघतो की तिच्या मुलांनाही ती नव्यानं दिसते. तो फोटो मागितला तर हे लगेच देतात आणि पुढचा तासभर अपर्चरविषयी बोलतात.

मध्यंतरी पुतण्यानं यांना खूष करायला बातमी आणली. २०१८ मध्ये लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा या तिघांनी एकच माउंट वापरायचं ठरवलं, त्यामुळे लायकाची एल-माउंट लेन्स आता पॅनासॉनिकच्या बॉडीवर सरळ बसते. ऑटोफोकससकट, कडीबिडी काही नको.

काकांनी चष्मा पुसला. ‘सरळ बसते?’

‘हो.’

‘कुणाचीही?’

‘कुणाचीही.’

‘मग त्यात काय!’ म्हणाले, आणि झाइसच्या एका जुन्या लेन्सला लागणारी कडी कुठं मिळेल, याची चौकशी करू लागले.