परमुलखातली नाडी

घरच्या डॉक्टरला ‘नेहमीचंच’ एवढं सांगितलं तरी पुरतं. परमुलखात दुखण्याची ओळख कुळापासून करून द्यावी लागते. आता सुरतेला परमुलूख म्हणणं जरा अतीच. १९६० च्या १ मेपर्यंत ती मुंबई राज्यातच होती, आणि उधना-लिंबायतच्या दवाखान्यांत बाकावर अजूनही अस्सल खानदेशी ऐकू येते. नोकरीसाठी इथे आलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला तीच अर्धी परकी.

पोट बिघडलं म्हणून गेलो, तर डॉक्टर म्हणाले, “तेल बंध करजो.” सुरतेत हे ऐकून बाकावरचे पेशंटसुद्धा हळहळले. माझ्या आधी तपासून झालेले एक काका तर दारातून परत फिरले.

“डॉक्टरसाहेब, लोचो चालेल ना? तो वाफवलेला असतो.”

“आणि वरून तेल ओततात ते?”

“ते दुकानदार ओततो, मी नाही!”

बिलाची धास्ती होती. मराठी माणूस म्हटल्यावर १६६४ आणि १६७० अशा दोन्ही लुटींची वसुली निघते की काय! पण फी अगदी माफक निघाली.

खरं तर परक्या डॉक्टरला जोखून घेण्याची रीत आपल्याकडचीही. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. सुरतेच्या वखारीतही त्याने दिवस काढले. १६७५ मध्ये तो मुंबईहून जुन्नरला गेला, तिथल्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून. जनान्यातली एक बाई आजारी होती. पडद्याआडून हात पुढे आला, फ्रायरने नाडी पाहिली आणि ही तर ठणठणीत आहे असं सांगून टाकलं. हात खरोखरच एका धडधाकट दासीचा होता. साहेबाला काही कळतं का, हे आधी पाहून घेतलं होतं. मग आजारी हात मिळाला. मला ही खबरदारी फार रास्त वाटते.

म्हणून मीही विचारलं, “तुम्ही स्वतः तेल सोडलंय?” डॉक्टर क्षणभर थांबले. “कोजागिरीनंतरचा चांदनी पडवा सोडून,” म्हणाले. तेव्हा कुठे माझा औषधावर विश्वास बसला.

तेव्हा सुरतेत नोकरीला येणार असाल आणि आयुष्मान कार्ड असेल, तर ते बरोबर ठेवा. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत ते देशभर चालतं. फक्त कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पोटदुखी काढू नका. त्या दिवशी डॉक्टरही मिठाईवाल्याकडे घारीच्या रांगेत असतात.